न सुटलेला उपास

आमच्या घरात कुणी जेवलं नाही तर का म्हणून विचारत नाहीत, आज वार कोणता ते बघतात. सोमवार असला तर शंकराचा, गुरुवार असला तर दत्ताचा, शनिवार असला तर मारुतीचा. शिवाय संकष्टी, एकादश्या, नवरात्र. नाशिकला सासूबाईंचं अर्धं आयुष्य शेंगदाण्याच्या कुटावर गेलं. लग्न होऊन मी दोह्याला निघाले तेव्हा त्यांनी माझ्या बॅगेत आधी भगर आणि साबुदाणा भरला, मग साड्या. मला स्वतःला उपास झेपत नाही. दुपार झाली की डोकं ठणकतं आणि मी दिसेल त्याच्यावर खेकसते. त्यामुळे देवाच्या बाबतीत मी या घरातली ढ विद्यार्थिनी.

म्हणूनच माझ्या मुलीनं सतराव्या वर्षी आपणहून सोमवार धरला तेव्हा सगळ्यांना केवढं कौतुक.

मुलगी इथलीच. अल मुंतझामधल्या याच फ्लॅटमध्ये रांगली, इथल्याच शाळेत गेली. मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत. मी म्हणायचं, "ताट घे," तिनं म्हणायचं, "कमिंग." अशी पोरगी एके दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभी राहून विचारते, "आई, नेक्स्ट एकादशी कधी?" मी नवऱ्याला म्हटलं, बघ, तुझ्या आईचं रक्त शेवटी बोललं. सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर त्यांनी फोनवरूनच तिची दृष्ट काढली.

त्याच्या थोडं आधी ती एका सौंदर्यस्पर्धेत दुसरी आली होती. इथल्या भारतीय मंडळींची हौसेची स्पर्धा, हॉटेलच्या हॉलमध्ये. आम्ही सगळ्या आया नटूनथटून पुढच्या रांगांत, हातात फोन वर धरलेले. मुलगी निळ्या गाऊनमध्ये चालत आली आणि खोटं कशाला सांगू, माझा ऊर भरून आला. भरल्या अंगाची, गोबऱ्या गालांची, हसली की डोळे बारीक होणारी माझी पोर. स्पर्धेतल्या मुलींना चालणं-बोलणं शिकवायला एक ग्रूमिंगच्या बाई होत्या. निकालानंतर त्या आमच्यापाशी आल्या, मुलीच्या गालाला दोन बोटं लावली आणि म्हणाल्या, "बस, ये थोडा कम हो जाए बेटा, तो अगले साल क्राउन तुम्हारा." आम्ही तिघंही हसलो. नवरा तर थँक यू म्हणाला.

पुढच्या सोमवारपासून उपास सुरू झाले. आता लिहिताना दोन गोष्टी शेजारीशेजारी आल्या, त्यामुळे कुणालाही कळेल. तेव्हा मध्ये बारावीची परीक्षा होती, डबे होते, नवऱ्याच्या गॅस कंपनीतल्या शिफ्टा होत्या. आणि देवाच्या नावानं न जेवणाऱ्या मुलीची उलटतपासणी घेणारी आई मी तरी कुठे पाहिलेली नाही.

सुरुवातीला ती माझ्या हातची खिचडी खायची. मग म्हणाली, साबुदाणा हेवी होतो. मग भगर नको, फक्त फळ. मग एका एकादशीला म्हणाली, "आजी म्हणते निर्जळी इज द बेस्ट." सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "अगं, मी माझ्या आत्याबाईंची गोष्ट सांगत होते, ही एवढं मनावर घेईल असं कुठे वाटलं?" पण आवाजातला अभिमान लपत नव्हता. परदेशात वाढलेली नात निर्जळी करते ही बातमी तोवर त्यांच्या भजनी मंडळात फिरून आली होती.

संकष्टीला चंद्र बघून उपास सोडतात. दोह्याचा चंद्रोदय वेगळा, नाशिकचा वेगळा, त्यावर आजी-नातीची फोनवर चर्चा चालायची. एका संकष्टीला दुपारपासून धुळीचं वादळ होतं. समोरची इमारत दिसेना, तिथे चंद्र कुठला दिसायला. मी म्हटलं, "वेळ होऊन गेली, सोड आता. देवालाही हवामान कळतं." "नॉट सीन, सो नॉट डन," म्हणाली आणि आपल्या खोलीत गेली. नवरा म्हणाला, जिद्दीची आहे. मीही मान डोलावली. पोर उपाशी झोपली आणि आम्ही नवराबायको तिचं कौतुक करत वरण-भात जेवलो.

इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला बायका तिला वळवून वळवून बघत होत्या. "काय मेन्टेन केलंय गं." "आमच्या बाईसाहेबांना जरा शिकव, नुसता पिझ्झा चालू असतो." एकीनं तिचं मनगट अंगठा आणि बोटाच्या कड्यात धरलं, कडं सैल राहिलं, आणि सगळ्या हसल्या. मुलगी लाजली. दहावीला शाळेत पहिली आली होती तेव्हाही एवढी खुलली नव्हती. मला वाटलं, चला, मोठी झाली.

कॉलेज सुरू झालं आणि फोटोंची कामं येऊ लागली. आधी दागिन्यांचं दुकान, मग अबायांचं. अबाया म्हणजे गळ्यापासून टाचेपर्यंत सैल, काळा झगा. आत माणूस आहे की खुंटी आहे हेही कळू नये असा कपडा, आणि त्याच्यासाठीसुद्धा यांना काडीच लागते. कशासाठी? मी एकदा त्या शूटवाल्याला विचारलंसुद्धा. तो म्हणाला, "मॅडम, कॅमेरा ॲड्स." कॅमेरा वाढवतो म्हणे. मग कॅमेरा बदला ना, माझी पोर कशाला कमी करता?

मग रमजान आला. त्या महिन्यात दिवसा इथे सगळं शहरच जेवत नाही. हॉटेलांचे पडदे ओढलेले, कॉलेजचं कॅन्टीन बंद, ऑफिसात पाण्याची बाटलीही टेबलाखाली. मुलगी म्हणाली, कॉलेजातल्या एका जॉर्डनच्या मैत्रिणीला सोबत म्हणून मीही रोजे धरते. नवऱ्याला फार आवडलं. दोन्ही धर्म सांभाळते म्हणाला. रोज संध्याकाळी ती मैत्रिणीच्या घरी इफ्तारला जायची आणि येऊन सांगायची, "आंटीनं सोडलंच नाही, सो मच खाल्लं." मी निर्धास्त. परक्या घरी का होईना, कुणीतरी प्रेमानं वाढतंय.

ईदच्या आदल्या दिवशी त्या आंटी आमच्या दारात आल्या. शाळेत शिकवतात, आम्ही दोघी इंग्रजीत बोलतो. खजूर भरलेल्या बिस्किटांचा डबा माझ्या हातात दिला, पण बसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमची मुलगी महिनाभर आमच्या टेबलावर बसली. अजान झाली की एक खजूर हातात घेते. आमचं जेवण होतं, चहा होतो, तरी तो खजूर तिच्या हातातच." मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं तर त्यांनी माझा हात धरला. "आमचा रोजा सूर्य बुडाला की सुटतो. तुमच्या मुलीचा सुटत नाही. आजारी माणसाला आमच्यात रोजा माफ असतो. तुमच्यात नाही का?"

मी अरबीत आभार मानले, शुक्रन म्हटलं. दार लावलं आणि तिथेच बुटांच्या स्टँडवर बसले.

मग मुलीच्या खोलीत जाऊन कपाट उघडलं. दर महिन्याला किराण्याबरोबर मी तिच्यासाठी पॅडची पाकिटं आणते आणि खालच्या कप्प्यात ठेवते. सगळी तशीच होती, न उघडलेली, एकावर एक. आमच्या देवघरात पाळी आली की चार दिवस दिवा लावायचा नाही, सासूबाईंचा नियम, मी मानत नाही पण मुलगी आजीसाठी पाळायची. आणि गेले कित्येक महिने ती एकही दिवस दिव्यापासून लांब राहिली नव्हती. पोर खंड न पडता दिवा लावते म्हणून आम्ही खूश होतो.

ईदच्या सुट्टीत आम्ही समैस्माला समुद्रावर गेलो. मी मुद्दाम नेलं, मला तिला उजेडात बघायचं होतं. ऊन चांगलंच चढलेलं, नवरा घामानं निथळत होता, आणि ही जाड हुडी घालून चटईवर आखडून बसलेली. मी हात धरला तर बर्फ. बाही वर सारली. ती ओढून घ्यायला लागली, पण तिच्या अंगात ताकद होती कुठे. हातावर बारीक लव उगवली होती, तान्ह्या मुलाच्या पाठीवर असते तशी. नवऱ्यानं पाहिलं. जे मी चार दिवस ओरडून सांगत होते आणि तो "वय आहे, फॅशन आहे, तू शांत हो" म्हणत होता, ते त्याला त्या क्षणी कळलं. तो उठून पाण्यापर्यंत गेला आणि बराच वेळ परत आला नाही.

डॉक्टरीण बाईंनी रक्त तपासलं, छातीला वायरी लावून ईसीजीची पट्टी काढली आणि आम्हाला समोर बसवलं. हा उपास नाही, हा आजार आहे, त्या म्हणाल्या. हृदय फार सावकाश चाललंय, रोज थोडंथोडं पोटात गेलं नाही तर ते कधीही दगा देईल, आत्ताच ॲडमिट करा. मुलगी म्हणाली, "नो. आय ॲम फाइन." अठरा पूर्ण झालेली, तिच्या मर्जीविरुद्ध एवढ्यात काही करता येणार नाही, असं बाईंनी सांगितलं. घरी प्रयत्न करा, चक्कर आली, छातीत धडधडलं, की थेट घेऊन या. घरी प्रयत्न करा. बोलायला काय जातंय.

मी सगळं करून पाहिलं. ओरडले. हात जोडले. तिच्यासमोर मीही ताट सरकवून बसले, तू जेवशील तेव्हा मी. ती ढिम्म हलली नाही, माझंच डोकं फुटायची वेळ आली. एकदा आमटीची वाटी भिंतीवर फेकली. तिनं शांतपणे उठून फडकं आणलं आणि पुसायला लागली, ओणवी, मणका न् मणका कपड्यातून वर आलेला. मी तिच्या हातातून फडकं ओढून घेतलं आणि तिथेच बसून हमसून हमसून रडले. "डोन्ट क्राय, आई," ती म्हणाली. मला मेलीला तिचा गळा दाबावासा वाटला आणि तिला पोटात परत घालून ठेवावंसंही वाटलं.

त्याच आठवड्यात लुसैलला तिचं शूट होतं. नको म्हटलं तर एकटी टॅक्सीनं गेली असती, म्हणून मी सोबत गेले. टॉवरांच्या मधल्या त्या चकचकीत रस्त्यावर दिवे लावलेले. अबाया तिला एवढी मोठी होत होती की स्टायलिस्ट मुलीनं पाठीमागून चिमटे लावून ती आवळली. पाठ नुसती चिमट्यांनी भरली. पुढून फोटोवाला म्हणतोय, "परफेक्ट. गॉर्जस. डोन्ट ईट टिल लंच." सगळे हसले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी दिव्यांच्या मध्ये जाऊन उभी राहिले आणि हिंदी, इंग्रजी, मराठी जे तोंडात येईल त्यात बोलले. आंधळे आहात का सगळे? मागून येऊन बघा एकदा, पोर कुठे आहे? मरायला टेकलीय ती. कुणीतरी "यल्ला, यल्ला, ब्रेक" म्हणालं आणि ते लोक माझ्याकडे न बघता पांगले. मुलगी गाडीत बसली ती घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. नंतरही कित्येक दिवस माझ्याशी अबोला.

शेवटी मी नाशिकला फोन लावला. इतके दिवस सासूबाईंना सांगितलं नव्हतं, म्हातारी हाय खाईल म्हणून. सगळं ऐकल्यावर त्या बराच वेळ नुसत्या मुसमुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "व्रत धरलं की त्याचं उद्यापन करावं लागतं गं. देवाला सांगायचं, घेतला वसा पुरा केला, आता मला मोकळी कर. तिनं धरले सगळे, सोडला एकही नाही. म्हणून सुटत नाहीये तिला." मी एम.एस्सी. झालेली बाई. हृदयाची पट्टी ड्रॉवरमध्ये पडलेली. पण बुडणाऱ्याला कुणी दोरी टाकली तर तो तिची जात बघत नाही. मी म्हटलं, "करते, आई. सांगा काय काय लागतं."

मुलीला विचारताना वाटलं होतं, उडवून लावेल. ती पलंगावर गुडघे छातीशी घेऊन बसली होती. ऐकून घेतलं, मग विचारलं, "त्याच्यानंतर ओव्हर, राइट? मग फास्ट करायचा नाही?"

"खलास," मी म्हटलं. "एकदम खलास."

"ओके," ती म्हणाली. "करू या." आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा वाटलं की हिलाही यातून सुटायचंय. आम्ही दोघी एकाच बाजूला आहोत.

शुक्रवार धरला. मंडळातल्या पाच सवाष्णी बोलावल्या, आणि जॉर्डनच्या आंटींनाही. पहाटे उठून पुरण शिजवलं, कटाची आमटी, कुरडया, भजी, वरण-भात. घरभर वेलदोड्याचा वास. मुलीनं माझी जुनी पैठणी नेसायचं ठरवलं. निऱ्या संपेचनात, कमरेला एवढ्या दुमडी घातल्या तरी साडी घसरत होती. मग मी आतून सेफ्टी पिना लावल्या. तिनं पूजा केली, देवासमोर डोकं टेकलं आणि एवढा वेळ वर केलं नाही की मी घाबरून खांद्याला हात लावला. वर पाहिलं तर डोळे वाहत होते.

पानं वाढली. सासूबाई नाशिकहून व्हिडिओवर, फोन पाण्याच्या जगला टेकवून ठेवलेला. व्रत करणारी खरं तर सगळ्यांच्या मागून जेवते, पण मी तिला पंगतीत माझ्याजवळ बसवलं. वरण-भातावर तूप घातलं, कालवला, लहानसा घास केला. तिनं तोंड उघडलं. मी घास आत ठेवला. तोंड मिटलं.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. "सोडला का गं उपास?" सासूबाई फोनमधून विचारत होत्या. "सोडला, आई, सोडला," मी म्हणाले आणि मला रडू आवरेना. नवरा दारातून बघत होता, तो पटकन आत निघून गेला. आंटींनी माझ्या पाठीवर हात फिरवला. मग सगळ्या जेवायला लागल्या, पुरणात जायफळ छान पडलंय म्हणाल्या, कुरडई कुठून आणली विचारलं. त्यातली एक मुलीकडे बघून म्हणाली, "आता खायला लागलीस तरी फिगर घालवू नको हं, लोक पैसे देऊन करतात." माझ्या हातात पळी होती. मी ती आमटीत ठेवली आणि आत जाऊन दोन मिनिटं फ्रीजला टेकून उभी राहिले.

परत आले तेव्हा मुलीच्या गालाकडे लक्ष गेलं. उजवा गाल किंचित वर होता. आधी वाटलं, दुसरा घास घेतला. तिच्या पानाकडे पाहिलं तर भाताचा ढीग जसाच्या तसा. ती ताठ बसली होती, पाण्याचा पेला समोर, नजर पानावर. गळा हलायचा आणि थांबायचा, पुन्हा हलायचा आणि थांबायचा. मी वाढत राहिले.

बायका उठल्या. हळदकुंकू झालं, ओट्या भरल्या, चपला घालताना आणखी गप्पा झाल्या. मुलीनं एकेकीला वाकून नमस्कार केला, तोंड मिटूनच. लाजतेय पोर, असं कुणीतरी म्हणालं. आंटी सर्वांत शेवटी निघाल्या. त्यांनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, माझ्याकडे पाहिलं आणि गेल्या.

दार लागलं. मुलगी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी होती. "गीळ," मी म्हटलं. तिनं मान हलवली. "राणी, एवढासा घास आहे, गीळ ना." तिनं डोळे मिटले, हनुवटी वर केली, गळ्याच्या शिरा ताणल्या, आणि काहीच झालं नाही. पूर्ण पंगत उठली, तेवढा वेळ तो घास तिच्या तोंडात होता. बेसिन हाताशी होतं, बाथरूम जवळ होतं, मी आत गेले होते तेव्हा कुणी बघतही नव्हतं. तिला टाकायचा असता तर केव्हाच टाकता आला असता. तिनं तो टाकला नव्हता. माझी पोर पंगत बसल्यापासून तो गिळायचा प्रयत्न करत होती.

एका घासासाठी मी तिच्याशी इतके दिवस भांडले होते. मी तिच्या हनुवटीखाली हात धरला.

"थुंक, बाळा," मी म्हटलं. "राहू दे. थुंक."

तिनं घास माझ्या तळहातावर टाकला. एकेक शीत तसंच अख्खं होतं. "मी ट्राय केलं, आई," ती म्हणाली. "गॉड प्रॉमिस, मी ट्राय केलं." आणि तिचे गुडघे वाकले. मी तिला एका हातानं धरलं, दुसरी मूठ तशीच मिटलेली. तिचं वजन एका हाताला झेपलं.

मी नवऱ्याला हाक मारली आणि गाडी काढायला सांगितलं. मुलगी या वेळी नको म्हणाली नाही.